ओटला कुणाचा?

माणूस काय बोलतो याचा हिशेब आपण ठेवतो; तो कुणाच्या जागेत बसून बोलतो याचा सहसा ठेवीत नाही. गावात याची गरजही पडत नसे. ओटला कुणाचा हे बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे आणि घरधन्याने दिवा मालवला की मंडळी उठत. आज आपण सकाळपासून निजेपर्यंत फोनवर ज्या ओटल्यांवर बसतो, त्यांचा धनी मात्र आपण कधी पाहिलेला नसतो.

आम्हा सतवासच्या मराठी घरांना हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा अधिक जवळचा आहे. देवास जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी. मनसोक्त मराठी बोलायचे तर इंदूर गाठावे, नाहीतर फोन उचलावा. आपली भाषा ज्या जागेच्या आधाराने टिकायची, ती जागाच उद्या मोडली तर? आणि अशा जागा मोडतात. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ अखेर बंद झाले. बंगळूरच्या 'कू'वर मराठीतही लिहिता येई. ते २०२४ च्या जुलैत आटोपल्याचे जाहीर झाले. ट्विटर २०२२ च्या ऑक्टोबरात ४४ अब्ज डॉलरला विकले गेले आणि पुढच्या वर्षी त्याचे नावही पालटले. बिऱ्हाडकरूंना कुणी विचारले नाही. भाडेच दिलेले नाही, तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

यावर एक निराळी रचना पुढे आली आहे. २०१६ साली जर्मनीत मॅस्टोडॉन सुरू झाले. त्याला एक धनी नाही. हजारो लहान लहान घरे आहेत, ज्यांना सर्व्हर म्हणतात. प्रत्येक घराचा चालक वेगळा, नियम वेगळे; पण घराघरांत निरोपांची देवघेव चालते. त्यासाठीची सामाईक भाषा २०१८ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली.

आपल्या भागातल्या वाचकाला हे समजायला टपालाचे जुने तिकीट पुरे. होळकरांच्या इंदूर संस्थानाची स्वतःची तिकिटे होती, पण ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. शिंद्यांच्या ग्वाल्हेरने १८८५ मध्ये इंग्रजी टपालखात्याशी करार केला. त्याच्या तिकिटावर पत्र हद्दीबाहेर, ब्रिटिश हिंदुस्थानात कुठेही जाई. मोठ्या कंपन्यांची व्यासपीठे आजवर बहुधा होळकरी तिकिटांसारखी चालली: आतल्या आत सारे, बाहेर काही नाही. नवी रचना ग्वाल्हेरी वळणाची आहे. राज्य आपले आपल्याकडे, टपाल मात्र सर्वांशी.

नवख्याने आरंभ कसा करावा? आधी घर निवडावे. त्याचे नियम वाचावेत, चालक कोण आणि खर्च कसा भागतो तेही पाहावे. पत्त्याचे दोन भाग असतात, आपले नाव आणि घराचे नाव. दोन्ही सांगितल्याशिवाय निरोप पोचत नाही. आत गेल्यावर पहिले काही दिवस सुने वाटतात, कारण तिथे यंत्र आपल्यापुढे फारशी माणसे आणून उभी करीत नाही. आपणच दोन ओळींत ओळख द्यायची, माणसे शोधायची, त्यांना उत्तर द्यायचे. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: तिथला खासगी निरोप पोस्टकार्डासारखा असतो. घराच्या चालकाने ठरवले तर तो वाचू शकतो.

खरा पेच याच्या पुढे आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केल्याच्या निषेधार्थ अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले, आणि पुष्कळसे परत फिरले. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. जागा आवडते म्हणून माणूस तिथे राहत नाही. तिथे आपली माणसे आहेत म्हणून राहतो. नागपूरची मावशी व्हॉट्सॲपवर असेल, तर तत्त्वासाठी मावशी सोडावी का? सोडू नये, असे मी म्हणेन. माणसांपेक्षा जागेचे तत्त्व मोठे मानणे हाही एक अहंकारच.

शिवाय लहान धनी चांगलाच असेल याची खात्री काय? तोही लहरी निघू शकतो, थकू शकतो, एखाद्या संपूर्ण घराशी व्यवहार तोडू शकतो. फरक एवढाच की इथून उठताना आपल्याला ऐकणारी मंडळी दुसऱ्या घरी बरोबर नेता येतात. जुने लिखाण मात्र आपोआप येत नाही. हा फरक मला मोलाचा वाटतो. धनी सज्जन असणे हे आपले नशीब. दार उघडे असणे ही व्यवस्था. नशिबावर विसंबण्यापेक्षा व्यवस्था मागावी.

पण व्यवस्था फुकट राहत नाही. त्या घरांत जाहिराती नसतात, म्हणून वीज, यंत्र आणि रात्री जागणारा चालक यांचा भार कुणीतरी उचलायचा असतो. गणेशोत्सवाची वर्गणी आपण कुरकुर न करता देतो, कारण मांडव आपला आहे हे आपल्याला पटलेले असते. इथेही तेच हवे. वर्गणी न देता स्वातंत्र्य हवे असणाऱ्याने पुन्हा एखाद्या श्रीमंताच्या ओटल्यावर जाऊन बसावे आणि तो उठवील तेव्हा मुकाट उठावे.

म्हणून मावशीला न सोडता दोन-चार मराठी घरांनी एक छोटी जागा धरावी, आपल्या लिखाणाची प्रत घरी ठेवावी आणि वर्षाची वर्गणी आधी भरावी. बोलणे आपले म्हणवायचे असेल, तर जागेची झाडलोटही आपल्याच वाट्याला येते.