कोणत्या खात्यात माणूस कमी आहे?

जुनी इंदूरमध्ये, शनी मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्यात दोन चुलत भाऊ राहत. वाडा म्हणायचा इतकंच. चार बिऱ्हाडं, एक नळ आणि जिन्याखाली दाटीवाटीने लावलेल्या मोटरसायकली. थोरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. धाकटा होळकर कॉलेजात, म्हणजे शिवाजीराव होळकरांनी १८९१ साली काढलेल्या कॉलेजात, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होता. बोधकथेतला धाकटा जन्मतःच शहाणा असतो, तसा हा नव्हता. बोलताना अडखळायचा, मार्क बेताचे, आणि चार लोकांत गेला की हातांचं काय करावं हे त्याला कळत नसे. थोरला चुणचुणीत. इंदुरी हिंदी, घरची मराठी आणि कामापुरती इंग्रजी तो एका दमात बोलायचा. राजवाड्यापासून भंवरकुआपर्यंत त्याच्या ओळखी.

होळीच्या आधी खंडवा रोडवर, विद्यापीठाच्या आवारात, रोजगार मेळा भरणार अशी सूचना लागली. सोबत येणाऱ्या कंपन्यांची यादी, चाळीसेक नावांची. वाड्यात चर्चा सुरू झाली. मेळ्यातून नोकरी घेऊन येणार तो थोरला, याबद्दल कोणाला शंका नव्हती, धाकट्याच्या आईलासुद्धा.

थोरल्याची तयारी दोन दिवसांत झाली. नवा टाय आणला, नवे बूट आणले. बायोडाटा मित्राच्या मित्राकडून घेतला, वरचं नाव बदललं आणि तीस प्रती काढल्या. छंद : वाचन, संगीत, प्रवास. ध्येय : नामवंत संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे. हे वाक्य देशातल्या निम्म्या बायोडाटांवर असतं आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते आजवर कोणी शेवटपर्यंत वाचलेलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या आबांनी यादी मागून घेतली. चष्मा पुसून वरपासून खालपर्यंत वाचली.

“ह्यातलं कोण कशाला येतंय?”

“म्हणजे?” थोरला म्हणाला.

“म्हणजे कोणाला कसली माणसं पाहिजेत?”

“ते तिथे गेल्यावर कळतंच की, आबा.”

आबांनी यादी घडी करून मांडीवर ठेवली. त्यांचं सगळं आयुष्य कापडाच्या मिलमध्ये गेलं होतं. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी अशा मिलच्या भोंग्यांवर एकेकाळी इंदुरातली अर्धी घरं उठायची आणि जेवायची. ते भोंगे आता गेले. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला २०२३चा डिसेंबर उजाडला. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, मात्र अजून निघतात. मिल नाही पण तिची झांकी आहे, हे इंदुरालाच जमतं.

“मी लागलो तेव्हा बदलीवर होतो,” आबा सांगू लागले. “बदलीवाल्याने पाळीच्या आधी गेटवर येऊन उभं राहायचं. कोणी गैरहजर असला की जॉबर त्याच्या जागी एकाला आत घ्यायचा. बाकीचे आल्या पावली घरी. गेटवर ही गर्दी! प्रत्येक जण टाचा उंच करून उभा, मलाच बघा म्हणून. कितीतरी दिवस मला कोणी विचारलं नाही. मग मी आदल्या संध्याकाळी जायला लागलो, पाळी सुटायच्या वेळेला. बाहेर येणाऱ्यांना विचारायचं, उद्या कोण येणार नाही? कोणाकडे लग्न आहे, कोण तापाने पडलाय? सकाळी जॉबर दिसला की बाकीचे ओरडायचे, काम द्या, काम द्या. मी म्हणायचो, ‘रिंगखात्यात आज दोन माणसं कमी आहेत, आणि मला सूत कातायची रिंग चालवता येते.’”

“मग?”

“मग काय, आत. गेटवर सगळेच उभे राहतात रे. कोणत्या खात्यात माणूस कमी आहे, ते आधी विचारून जावं. जॉबरलाही माणूस पाहिजेच असतो. त्याला तो शोधत बसायला लावू नये.”

थोरला हसला आणि मोटरसायकल काढून गेला. धाकटा थांबला. त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून घ्यायची त्याला सवय होती. भित्रेपणाचा एवढाच काय तो फायदा.

चाळीस नावांतली बरीचशी त्याच्या कामाची नव्हतीच. विमा, कोचिंग, कॉल सेंटर, सुपर कॉरिडॉरवरच्या संगणक कंपन्या. गाळून गाळून पाच उरल्या. त्यांतल्या दोन पिथमपूरच्या औषध कंपन्या. पिथमपूर धार जिल्ह्यात असलं तरी तिथे राबणारी कितीतरी माणसं इंदुरातून रोज जाऊन-येऊन असतात. गाड्या, टायर, औषधं, सगळं तिथे बनतं. वाड्याच्या कोपऱ्यावर पहाटे त्या बाजूला जाणारी कंपनीची बस थांबते, आणि त्या बसमध्ये चढणारा शेजारचा दादा एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, हे धाकट्याला लहानपणापासून माहीत होतं. तो तिथे नेमकं काय करतो, हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं. आपण शेजाऱ्याचा पगार विचारतो, काम विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कोपऱ्यावर गेला. बस यायला अवकाश होता.

“आमच्याकडे दोन गोष्टी बघतात,” दादा म्हणाला. “एक, हात. ब्युरेट नीट धरतो का, वजन काळजीने करतो का. मोठी यंत्रं आम्ही शिकवतो. एचपीएलसीला कॉलेजात किती जणांचा हात लागतो, हे आम्हाला माहीत आहे. त्याबद्दल थापा मारू नको, लगेच पकडतात. दुसरी, वही. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं धरतात. काम करता करता लिहायचं, घरी जाताना आठवून नाही. आणि चुकलास तर व्हाइटनर नाही, गिरवागिरव नाही. एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, आणि का चुकलं ते. बाहेरच्या देशांतून तपासणीला येतात ना, ते गोळ्यांइतक्याच बारकाईने आमच्या वह्या बघतात.”

“आणि रात्रपाळी?”

“आहेच. ते आधीच सांगून टाक. आत आल्यावर कुरकुरणारे त्यांना नको असतात.”

धाकट्याने घरी येऊन आपलं प्रॅक्टिकलचं जर्नल उघडलं. पानापानावर व्हाइटनरचे पोपडे. परीक्षेपर्यंतची उरलेली प्रॅक्टिकलं त्याने दादाच्या पद्धतीने लिहिली. पहिल्यांदा ती आडवी रेघ मारताना त्याचा जीव वर-खाली झाला. सरांनीही ‘हे काय?’ म्हणून विचारलं.

बायोडाटा त्याने एका पानात बसवला. छंद गेले, ध्येय गेलं. प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काय काय केलंय ते वर आलं, आणि खाली एक ओळ : तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी. पाचही ठिकाणांसाठी वरच्या दोन-तीन ओळी वेगळ्या. मग आबांना कंपनीचा साहेब करून समोर बसवलं. सुरुवातीला ‘मायसेल्फ’ म्हणून जो अडकायचा तो पुढे जाईचना. एकदा तर आबा मध्येच पेंगले. आबांचं म्हणणं एवढंच, की गेटवर अर्धं मिनिट मिळतं, त्यात नाव, काय येतं आणि काय पाहिजे एवढं सांगून मोकळं व्हावं. चार-सहा रात्रींत त्याला ते जमलं. हातांचा प्रश्नही सुटला. त्याने एका हातात फाइल धरली आणि दुसऱ्यात छोटी डायरी.

मेळ्याच्या दिवशी थोरला सरळ सगळ्यात लांब रांगेत जाऊन उभा राहिला. मोठी कंपनी, मोठा फलक, मोठी रांग. ऊन चढलं, नवे बूट चावू लागले. दीड-दोन तासांनी टेबल आलं तेव्हा समोरच्या मुलीने विचारलं, “कोणत्या कामात रस आहे?”

“काहीही चालेल, मॅम.”

तिने हसून कागद घेतला आणि ढिगावर ठेवला. ‘काहीही’ या नावाचं काम तिच्या यादीत नव्हतं. पुढे थोरल्याने उरलेले कागद दिसेल त्या टेबलावर वाटले आणि बदल्यात पिशव्या, पेनं, माहितीपत्रकं गोळा केली. एका टेबलावर नमकीन बनवणाऱ्या कंपनीचे एक काका एकटेच बसले होते. “भिया, कागद तरी घेऊन जा,” त्यांनी हाक मारली. थोरल्याने चालता चालता घेतला आणि मित्राला म्हणाला, “आता काय सेव विकायची?”

धाकटा आधी एका रिकाम्या टेबलावर गेला, नुसती जीभ सुटावी म्हणून. मग औषध कंपन्यांकडे. पहिलीकडे साठ टक्क्यांची अट होती. त्याला तेवढे नव्हते. त्याने विचारलं, साठच्या खालच्यांना कुठली जागा असते का? उत्तर डायरीत लिहून घेतलं. दुसरीकडे बसलेल्या बाईंनी त्याचा कागद वाचला आणि विचारलं, “नोंदीत चूक झाली तर काय कराल?”

तो एकदा अडखळला. मग आडवी रेघ, सही, तारीख, कारण, सगळं सांगितलं. बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही विचारलं, पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे काय काम असेल? त्या बोलल्या, त्याने लिहून घेतलं, बाईंचं नावही लिहून घेतलं. नोकरी तिथल्या तिथे कोणी दिली नाही. मेळ्यात ती बहुधा देतही नाहीत. पुढच्या आठवड्यात कारखान्यात लेखी परीक्षा, एवढं ठरलं. त्याच रात्री त्याने बाईंना चार ओळींची मेल पाठवली, कोणत्या टेबलावर काय बोलणं झालं त्याची आठवण देणारी.

घरी थोरला बूट काढून, पाय बादलीत बुडवून बसला होता.

“सगळं आधीच ठरलेलं असतं,” तो म्हणाला. “नुसता देखावा.”

“ते सेववाले काका पाहिलेस?” धाकट्याने विचारलं. “मी पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेलो होतो, बोलायचा सराव म्हणून. माझा त्यांना उपयोग नव्हता. त्यांना कॉमर्सवाला हवा आहे. बोलका, जीएसटी कळणारा, नागपूर-पुण्याच्या दुकानदारांकडे फिरायला तयार. आणि मराठी येणारा. सकाळपासून बसले होते, म्हणाले, मराठीवाला एकही आला नाही.”

थोरल्याने स्वतःचा बायोडाटा काढून पाहिला. भाषा : इंग्रजी, हिंदी. घरात दिवसभर जी बोलतो ती कागदावर लिहायची असते, हे त्याला सुचलंच नव्हतं. ज्याचा कागद उतरवला होता, त्यालाही सुचलं नसावं, तो भोपाळचा होता. आबा ओट्यावरून काही बोलले नाहीत. त्यांचं सांगून झालं होतं.

सकाळी थोरल्याने पिशव्या उलट्या करून तो कागद शोधला आणि त्यावरच्या नंबरावर फोन लावला. स्वतःचं नाव सांगितलं, आणि इतर काही सांगायच्या आधी विचारलं, “काकाजी, तुम्हाला नेमका कसा माणूस पाहिजे?”

पलीकडून काका जे सुरू झाले ते थांबेनात. कुठल्या गावाला कोण वितरक आहे, कुठे माल परत येतो, कुठला दुकानदार हिंदीत बोललं की उधारीचा विषय टाळतो. थोरला कान आणि खांद्यामध्ये फोन दाबून लिहायला काहीतरी शोधत होता. मेळ्यात मिळालेली पाच पेनं होती. त्यातलं चौथं उठलं.