पुढचे पान कोणते?

माउली, चरणाचे निरूपण चालू असते, टाळकरी चाल धरतात, मृदंग चढतो आणि कीर्तनकार गप्प उभा राहतो. चाल थांबली की त्याने सोडल्या शब्दापासूनच पुढे बोलायचे असते. पंचेचाळीस वर्षे मी हे केले. सूत्र हरपले तर मागचा एखादा टाळकरी हळूच शब्द पुरवी.

आता गुडघे उभे राहू देत नाहीत. जुन्या वह्या संगणकावर उतरवीत बसतो. नातवाने फायरफॉक्स बसवून दिले आणि मागच्या खेपेची पाने पुन्हा उघडण्याची खूण करून ठेवली. "आबा, बंद केलंत तरी काही जात नाही," म्हणाला. ही सोय त्यात 2006 पासून आहे म्हणे. कोणते टॅब, म्हणजे पाने, उघडे आहेत, कुठवर वाचले, त्यांतले समोर कोणते होते, हे ते साधारण दर 15 सेकंदांनी एका फाइलीत टिपून ठेवते. वीज गेली तरी मांडणी परत मिळते.

पण एक गंमत पाहा. पुन्हा सुरू केले की ते सगळी पाने भरत नाही. शेवटी समोर होते तेवढेच भरते. बाकीच्यांची वर नुसती नावे दिसतात; बोट लावाल तेव्हा आतला मजकूर येतो. उघडे असणे निराळे आणि समोर असणे निराळे, हे त्या यंत्राला कळते. आपल्याला कळते का?

माझे सांगतो. एका सप्ताहात ठेका चुकला म्हणून माझ्या मृदंगवाल्याला मी भर मंडपात टोचून बोललो. तो पुन्हा माझ्या कीर्तनाला उभा राहिला नाही. त्याला क्षमेचे पत्र लिहायला घेतले ते चैत्रात. अर्धे झाले, मेलमध्ये तसेच राहिले. रोज ते पान वर दिसे, आणि पान उघडे आहे म्हणजे विसरलो नाही, असे मी मनाला सांगे. आषाढ गेला, कार्तिक आला. यंत्राने एक दिवसही ते हरवले नाही. मी एक दिवसही त्याला बोट लावले नाही. रोज संध्याकाळी बंद करताना समोर वहीचे सोपे पान असे, म्हणून सकाळी तेच समोर येई. यात यंत्राला काय बोल लावणार? स्मरण त्याने केले होते, माझे नुसते नाव होते.

परवा निजण्यापूर्वी मुद्दाम ते पत्र समोर आणले आणि मग संगणक बंद केला. सकाळी पडदा उजळला तो त्याच अर्ध्या वाक्यावर. चहा निवला, पण चार ओळी झाल्या. त्याला आता कमी दिसते. मुलाच्या मेलवर धाडले आहे, वाचून दाखव म्हणून. उत्तर अजून नाही. ते पान मी बंद केलेले नाही.