वाढदिवसाची पंगत आणि धम्म



लेकरू वर्षाचे झाले. चार माणसे बोलवावीत, बुद्धवंदना घ्यावी, सर्वांना जेवू घालावे असे घरात ठरते. इथपर्यंत सारे गोड असते. मग जेवणाचा बेत काय करायचा हा प्रश्न निघतो आणि घरात तट पडतात. आजी म्हणते, “पहिलंवहिलं नातवंड हाय. जावळाचा बोकड बोललेय मी. बोकड पडल्याबिगर भावकी जेवली म्हणायची न्हाई.” नोकरीवाला मुलगा म्हणतो, “आई, माझ्या ऑफिसातली माणसं येणार आहेत. घरात मटणाचा वासही नको. आपण आता बौद्ध झालो, सगळं शुद्ध शाकाहारी करू.” सून गप्प असते, कारण काहीही ठरले तरी चुलीपुढे तीच बसणार असते.

नव्याने धम्मात आलेल्या घरांत हा वाद हमखास होतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जुनी रीत सुटलेली असते आणि नवी अजून अंगवळणी पडलेली नसते. परंतु वाद स्वयंपाकाचा दिसत असला तरी त्याच्या पोटात भय असते, लाज असते आणि अब्रू असते. ही तिन्ही वेगवेगळी करून पाहिल्याशिवाय भांडण मिटत नाही.

प्रथम मुलाचे म्हणणे घेऊ. बौद्ध झालो म्हणजे मांस वर्ज्य झाले, असे त्याला वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी जी धम्मदीक्षा दिली, तिच्या २२ प्रतिज्ञा आठवून पाहा. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे, दारू न पिण्याची आहे. मांसाहार सोडण्याची प्रतिज्ञा मात्र त्यांत नाही. देवदत्ताने तथागतांकडे असा आग्रह धरला होता की भिक्खूंना मासे व मांस जन्मभर वर्ज्य करणारा नियमच करावा. तथागतांनी तो नियम केला नाही. आपल्यासाठी मारलेले आपण पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला, तर ते मांस भिक्खूने घेऊ नये, एवढेच बंधन त्यांनी ठेवले. सुत्तनिपातात आमगंध नावाचे सुत्त आहे. आमगंध म्हणजे कच्च्या मांसाची दुर्गंधी. ही दुर्गंधी खरोखर कशाला येते, याचे उत्तर तिथे दिले आहे. ती जीवहत्येला येते, चोरीला, खोटेपणाला आणि लबाडीला येते, अहंकाराला आणि निर्दयतेला येते. ताटात काय आहे यावरून माणूस स्वच्छ किंवा घाणेरडा ठरत नाही.

म्हणून मुलाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. मटण नको ते कोणासाठी? जिवाची दया येते म्हणून नको असेल, तर त्याचा विचार थोर आहे आणि घराने तो मानावा. पण पाहुण्यांनी नाक मुरडू नये, आपण कोण हे त्यांच्या ध्यानात येऊ नये, म्हणून नको असेल, तर ती करुणा नव्हे, ती जुनी भीती आहे. ‘शुद्ध’ हा शब्द उच्चारताना आपण थोडे थांबले पाहिजे. याच शब्दाच्या जोरावर आपल्या वाडवडिलांना पाणवठ्यावर चढू दिले नाही. तोच शब्द लेकराच्या वाढदिवशी आपण आपल्या हाताने घरात आणायचा काय? पालेभाजी खुशाल करा, पण तिला शुद्ध म्हणून नका वाढू.

आता आजीकडे वळू. तिला अडाणी म्हणून गप्प बसवू नका. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांना आपल्या लोकांना सांगावे लागले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार जाऊ नका. त्या दिवसांच्या आठवणी आजीने आपल्या आईकडून, सासूकडून ऐकल्या आहेत. दुसऱ्याच्या पंगती उठल्यावर उरलेसुरले पदरात घेणाऱ्यांची ती लेक. स्वतःच्या कमाईचे, ताजे, चुलीवर शिजवलेले मटण दहा माणसांना पोटभर वाढणे ही तिच्या दृष्टीने स्वाभिमानाची गोष्ट आहे. तिची ही भावना मुलाने ओळखली पाहिजे.

परंतु आजीच्या मागणीत दोन धागे गुंतलेले आहेत. एक अब्रूचा आणि दुसरा नवसाचा. अब्रूचा मान राखू, नवसाचा धागा मात्र तोडावा लागेल. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत भेद केला आहे. नवसाच्या बोकडाला कोणती गरज असते? लेकरू आजारी पडेल, देव कोपेल, या भयापोटी त्याचा जीव जातो. लेकराला लस द्यावी, उकळलेले पाणी द्यावे, ताप आला तर दवाखान्यात न्यावे. देवाचे देणे त्याच्या डोक्यावर नसावे. ज्या लेकराच्या नावाने सकाळी आपण त्रिसरण-पंचशील घेणार, त्याच्याच नावाने दुपारी दारात सुरी चालली, तर पहिल्या शिलाचा अर्थ त्याला पुढे कोणत्या तोंडाने सांगणार? माझे म्हणणे स्पष्ट आहे. या दिवशी दारात जीव घेऊ नये आणि देवापुढे तर मुळीच घेऊ नये. एरवी घरात जे शिजते त्याची लाज मात्र कोणी बाळगू नये.

खर्चाचेही तसेच. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. पंगतीचा खर्च त्या पहिल्या भागात बसला पाहिजे. एका दुपारच्या जेवणासाठी व्याजाने पैसे काढले, तर लेकरू शाळेत जाईपर्यंत ते जेवण आपण फेडत बसतो. शाळेत शिकवताना असे कितीतरी पालक पाहतो की पंगतीला पैसा निघतो आणि वह्यांना निघत नाही. दारूचा तर प्रश्नच नको. ती प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या घरी पाहुण्यासाठी म्हणूनही बाटली येऊ नये.

आणि सुनेचे काय? दीघनिकायात कूटदंत ब्राह्मणाची कथा आहे. त्याने यज्ञासाठी शेकडो बैल, वासरे, शेळ्या, मेंढे खांबाला बांधले होते. तथागतांनी त्याला प्राचीन काळच्या एका यज्ञाची गोष्ट सांगितली. त्या यज्ञात एकही पशू मारला गेला नाही. इतकेच नव्हे, तर काम करणाऱ्यांपैकी कोणीही दंडुक्याच्या धाकाने, डोळ्यांत आसवे घेऊन राबले नाही. ज्याला करायचे होते त्याने केले. कूटदंताने आपले सारे पशू सोडून दिले. या गोष्टीतले पशू आपल्याला आठवतात, राबणाऱ्यांची आसवे मात्र आपण विसरतो. पन्नास माणसांचा स्वयंपाक एकट्या सुनेच्या गळ्यात घालून पुढच्या खोलीत पंचशील म्हणणे शोभत नाही. कणीक मळायला दीर बसू शकतो, पाणी सासरा भरू शकतो, भांडी नवरा घासू शकतो.

मग बेत ठरवायचा कसा? महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी वज्जींची भरभराट कशात आहे ते सांगितले. ते वरचेवर एकत्र जमतात, एकमताने बसतात, एकमताने उठतात, वडीलधाऱ्यांचा मान राखतात आणि स्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत. घर हे छोटेसे गणराज्यच आहे. आठ दिवस आधी सर्वांनी बसावे. आजीने आधी बोलावे, सुनेलाही बोलू द्यावे, पैशांचा आकडा सर्वांना सांगावा, आणि मग ठरवावे. ठरल्यावर “मी तर सांगितलंच होतं” असे कोणी म्हणू नये.

पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि सुजातेच्या दानाची आठवण देणारी खीर एवढे पुरेसे आहे. खिरीचे भांडे आजीच्या हाती द्यावे. पहिली वाढ तिच्या हातून व्हावी, म्हणजे तिची अब्रू चारचौघांत राहते. ऑफिसातले पाहुणे आणि भावकी एकाच पंगतीत बसावी, वेगळी पाने मांडू नयेत. आळीतली लहान मुले आधी जेवावीत.

त्या लेकराला पुढे जेवणाचे काही आठवणार नाही. घरातली मोठी माणसे त्याच्यासाठी भांडली की एकत्र बसली, एवढे मात्र त्याच्या वाढण्यात उतरेल.

नमो बुद्धाय! जयभीम!