अर्धवट ज्ञानाचा अंमल

नवा विषाणू मनुष्यास मारीत नाही, त्याची भीतीच मारते, असा सिद्धान्त यंदा पुण्यातील एका व्याख्यानमालेत एका नामांकित वक्त्यांनी मांडला. आणि त्यास ज्या उत्साहाने टाळ्या पडल्या तो पाहता, मार्च २०२० मध्ये राज्यातील पहिले करोनाबाधित नायडू रुग्णालयात दाखल झाले, त्यापुढील दोन वर्षांची आठवण पुणेकरांनी इतक्यात दप्तरी दाखल करून टाकली, याचे नवल वाटल्यावाचून राहिले नाही.

वक्त्यांचा मुख्य दाखला झिकाचा होता. २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून रुग्ण सापडू लागले, वर्तमानपत्रांनी हाकाटी केली, आणि बहुतेकांना ताप व पुरळ यांपलीकडे काही झाले नाही. सबब सारी खबरदारी व्यर्थ. हा युक्तिवाद सरासरीचा आहे, आणि सरासरी कधी गर्भवती नसते. बाधितांपैकी बहुसंख्यांस लक्षणेही जाणवत नाहीत हे खरेच; परंतु तोच विषाणू गर्भातील अर्भकाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो, हे ब्राझीलने २०१५ च्या साथीत अनुभवले. धोका किती, या प्रश्नास ‘कोणाला’ हा पोटप्रश्न जोडल्याखेरीज उत्तर संभवत नाही; निरोगी वक्त्याचे धैर्य हा पुष्कळदा शेजारणीच्या खात्यावर परस्पर टाकलेला खर्च असतो.

येथवर माझा पक्ष सोपा होता. पण जाता जाता त्यांनी पुण्याच्या प्लेगमधील रँडचे नाव घेतले, आणि तेथे मात्र त्यांना उडवून लावता येत नाही. प्लेग हा जिवाणूचा रोग, विषाणूचा नव्हे, एवढी दुरुस्ती करूनही दाखला उभाच राहतो. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर रँडसाहेब पुण्याच्या प्लेग कमिटीचे प्रमुख झाले, आणि गोऱ्या शिपायांनी माजघरापर्यंत शिरून झडत्या घेतल्या, रोग्यांस इस्पितळात व आप्तांस छावणीत धाडले, चीजवस्तू जाळल्या. मौज अशी की, रोग पसरतो कसा हेच या बंदोबस्ताच्या अंमलदारांस ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसवांचा दुवा सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखविला तो १८९८ साली, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. ज्ञान जितके तोकडे, तितका हुकूम कडक! लोक रोगी लपवू लागले, म्हणजे बंदोबस्तानेच साथीस आडोसा दिला. आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, हे सर्वश्रुत आहे.

पण यावरून खबरदारीच त्याज्य ठरते काय? त्याच वर्षी सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंतराव शहराबाहेर दवाखाना चालवून रोग्यांची शुश्रूषा करीत होते, आणि त्या सेवेतच प्लेग होऊन १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. जुलुमावर कोरडे ओढणाऱ्या टिळकांनीही शहर न सोडता हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारले. पिसवांची वार्ता यांनाही नव्हती. अज्ञान दोन्हीकडे सारखेच. फरक इतकाच की, एका पक्षाने रोग्याला मुद्देमाल मानले आणि दुसऱ्याने माणूस.

मग नियम कोणता? साथीच्या आरंभी, जेव्हा कोणासच पुरते कळत नसते, तेव्हा चुकीचा ठरल्यास मागे घेता येईल असा उपाय आधी योजावा. २०२० साली आपण भाज्या धूत बसलो, रस्त्यांवर औषधे फवारली, आणि रोग हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने प्रथम नाकारले. खिडकी उघडण्यास मात्र तेव्हाही दमडी पडत नव्हती. मुखपट्टी काढता येते, साठलेले पाणी दर आठवड्यास ओतून देता येते, ताप असता घरी राहता येते. बुडालेली मजुरी आणि मुलांची गेलेली वर्षे परत येत नाहीत.

दुपटीने वाढणारी साथ आपल्या चिंतनासाठी थांबत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि प्रसंगी सक्तीही अटळ ठरेल. तथापि सक्तीच्या हुकुमावर कारण, मुदत आणि ज्याची रोजी बुडते त्याच्या भरपाईची तजवीज, ही तिन्ही लिहिलेली असावीत. १८९७ चाच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढणाऱ्या सरकारास नागरिकाने याचा जाब अवश्य विचारावा. मात्र तो विचारताना तोंडावरची पट्टी काढू नये.