काही नाही, जाऊ दे

दुर्लक्ष करण्याला आपण 'कानाडोळा' म्हणतो. शब्दात कान आणि डोळा शेजारी बसलेत, घरात मात्र दोघांना वेगळी वागणूक मिळते. डोळ्यांचा नंबर वाढला की लगेच चष्मा येतो. कानांचं वर्षानुवर्षं चालवून घेतलं जातं. चष्म्याने माणूस हुशार दिसतो, कानातल्या यंत्राने म्हातारा, एवढंच कारण.

आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, नसरापूरला असतात. तिथल्या बनेश्वरच्या देवळात क्रॉस आणि 1683 साल असलेली एक घंटा आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा ती पोर्तुगिजांकडून आली असं मानतात. देवळात गेलं की तिचा टोल अण्णांना अजून स्वच्छ ऐकू येतो. पण शेजारी बसलेली माझी बहीण 'सात' म्हणाली की 'हात', ते कळत नाही. वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, थ ही व्यंजनं त्याच पट्टीतली. स्वर खालचे, ते टिकतात. म्हणून आवाज येतो, शब्द येत नाही. "मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता," असं अण्णा म्हणतात ते खोटं नाही. त्यांना तसंच ऐकू येतं.

कान तपासायला मात्र ते तयार नाहीत. म्हणतात, कान माझे आहेत. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शरीर त्यांचं, यंत्राची कटकट त्यांना, आणि खर्चही आहेच. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या लोकांना अशा साधनांसाठी 3000 रुपये मिळतात, पण चांगलं श्रवणयंत्र त्याहून बरंच महाग असतं.

तरीही, ऐकणं एकट्याचं असतं का? बँकेत, दवाखान्यात, फोनवर आजीच अण्णांचे कान झाली आहे. प्रत्येक वाक्य ती दोनदा जगते. तिला कुणी विचारलेलं नाही.

आणि आम्ही? अण्णांनी "काय म्हणालास?" असं दुसऱ्यांदा विचारलं की घरातून ठरलेलं उत्तर येतं: "काही नाही, जाऊ दे." या एका वाक्याने माणूस घरात बसल्या जागी घराबाहेर जातो. पुढे तो विचारणंच सोडतो. मग आपण म्हणतो, हल्ली ते गप्पच असतात.

म्हणजे कर्तव्य दोन्हीकडे आहे. त्यांनी कान तपासून घ्यावेत. आपण समोर येऊन, टीव्ही बंद करून, सावकाश बोलावं. ओरडू नये, ओरडण्याने शब्द आणखी बिघडतात. आधी कुणी सुरुवात करायची? मला वाटतं, आपण. यंत्र फक्त आवाज मोठा करतं. ऐकण्यासारखं काही कुणी बोलतच नसेल, तर माणूस ते कानात कशाला घालेल?

आता आपल्या कानांकडे येऊ. प्रत्येक कानात जन्मतः साधारण 15 हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मेलेली पेशी माणसात परत उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल मात्र फक्त 4 तास. आपल्याकडच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून हे आकडे आठवून पाहा.

तिथे कुणी टोकलं तर आपण काय म्हणतो? कान माझे आहेत. वाक्य अण्णांचंच. फरक इतकाच की अण्णा स्वतःच्या आजच्या कानांबद्दल बोलतात, आणि आपण साठीतल्या एका माणसाचे कान त्याला न विचारता खर्च करतो. त्याच्याही घरात कुणीतरी आजीसारखं दमणार आहे.

इअरफोनचा आवाज दोन काड्या खाली घ्यायला पैसे लागत नाहीत. सांगितलेलं वाक्य पुन्हा एकदा, पूर्ण, न वैतागता सांगायलाही लागत नाहीत.