आयुष्य संपले असे कोणी ठरवावे?

मागील नाताळच्या सुटीत माझा भाचा बंगळुरूहून आमच्याकडे आला होता. जेवणानंतर त्याने पिशवीतून एक जाडसर फोन काढून टेबलावर ठेवला. नोकिया कंपनीचा एन ९००. पडदा वर सरकवला की त्याखालून अक्षरांच्या कळांच्या तीन ओळी बाहेर येतात. फोन सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर सरकत गेल्या.

"हा तर फारच जुना दिसतो रे. बिघडला होता का?" मी विचारले.

"बिघडला कुठे होता, मामा? कंपनीनं हात काढून घेतला, एवढंच."

हे उत्तर मी पुढे कित्येक दिवस मनात घोळवीत राहिलो. एखादी वस्तू मोडली, झिजली अथवा जळाली, तर तिचे आयुष्य संपले हे समजण्यास कोणाच्या निर्णयाची गरज नसते. परंतु जी वस्तू धडधाकट आहे तिचे आयुष्य संपल्याचे दुसऱ्या कोणी जाहीर करावे काय? आणि तसे जाहीर झाल्यावरही जे लोक ते मानावयास तयार होत नाहीत, ते काही सत्कृत्य करीत असतात की केवळ हट्ट?

प्रथम त्या फोनाची हकीकत सांगितली पाहिजे. एन ९०० हा २००९ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. त्याच्या प्रोसेसरचा वेग ६०० मेगाहर्ट्झ, आणि कामकाजाची स्मृती अवघी २५६ मेगाबाइट. आज बेताच्या किमतीचा फोनही याच्या पंधरा-सोळा पट स्मृती बाळगतो. मात्र त्यातील मेमो नावाची यंत्रणा लिनक्सच्या पायावर उभी होती. लिनक्स हा १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभलेला आणि पुढे हजारो हातांनी वाढवलेला संगणकीय गाभा होय. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, सुधारता येते व सुधारून इतरांस देता येते. ('संहिता' हा शब्द आम्हां भाषांतरकारांच्या रोजच्या वापरातला, संगणकवाल्यांनी तोच उचलावा याचे मला कौतुक वाटते.) २०१० साली मेमो ही इंटेलच्या यंत्रणेत मिळवून तिचे मीगो असे नामांतर झाले. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून आपल्या स्मार्टफोनांसाठी विंडोज फोन ही यंत्रणा स्वीकारली आणि मीगोही बाजूला पडली. ज्यांनी पुरती किंमत मोजून एन ९०० घेतला होता त्यांच्या हाती दोन वर्षांच्या आतच एक अनाथ वस्तू उरली.

फोन असे अकाली का म्हातारे होतात, याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आजच्या बहुसंख्य फोनांतील अँड्रॉइडही लिनक्सच्याच गाभ्यावर चालते. परंतु चिप बनवणारी कंपनी त्या गाभ्याची एक नक्कल घेते, तीत आपल्या चिपेपुरते फेरफार करते, आणि फोन बनवणारी कंपनी त्यावर आणखी फेरफार चढवते. ही नक्कल मूळ प्रवाहापासून तुटलेली असते. मुख्य गाभ्यात नवे दोष सापडतात व दुरुस्त होतात, पण त्या दुरुस्त्या नकलेत आणून बसवणे हे खर्चाचे काम असल्याने दोन-चार वर्षांनी कंपनी ते थांबवते. त्यानंतर फोन वरून ठणठणीत दिसला तरी त्याच्या दारांना कड्या उरत नाहीत.

२०१७ च्या मे महिन्यात ऑलिव्हर स्मिथ यांनी पोस्टमार्केटओएस या नावाचा प्रकल्प जाहीर केला. बाजाराने सोडल्यानंतरची यंत्रणा, असाच त्या नावाचा आशय. फोनाचे आयुष्य दहा वर्षांचे असावे, हे उद्दिष्ट त्यांनी पुढे ठेवले. अल्पाइन नावाची, लिनक्सवर आधारलेली अत्यंत हलकी यंत्रणा त्यांनी पायाला घेतली. तिचा मूळ भाग काही मोजक्या मेगाबाइटांत मावतो. सर्व फोनांसाठी यंत्रणा एकच, आणि प्रत्येक फोनापुरते जे वेगळे ठेवणे अटळ आहे तेवढेच वेगळे, अशी रचना. एन ९०० हा या प्रकल्पातील अगदी आरंभीच्या फोनांपैकी एक. मेमोचेच रूप पुढे चालवणारा मेमो लेस्ते नावाचा दुसरा सामुदायिक प्रकल्पही आहे.

हे काम किती चिवट असते याचे एक उदाहरण भाच्याने मला समजावले. एन ९०० ची बॅटरी भरण्यावर देखरेख करणारा प्रोग्राम नोकियाने बंदिस्त ठेवला होता. त्याची संहिता कोणास पाहता येत नसे. मेमो काढून दुसरी यंत्रणा बसवावी तर बॅटरी भरण्याचीच पंचाईत. तेव्हा स्वयंसेवकांनी फोनात कोणत्या चिपा आहेत हे शोधून त्यांच्यासाठी खुले प्रोग्राम नव्याने लिहिले आणि ते लिनक्सच्या मुख्य गाभ्यात दाखल करून घेतले. आता त्याच चिपा जगात अन्यत्र कोठेही असोत, कोणत्याही वस्तूत असोत, तो प्रोग्राम त्यांच्याही उपयोगी पडतो. मला यातील ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. एका वस्तूसाठी केलेले श्रम त्या वस्तूबरोबर पुरले गेले नाहीत.

तथापि आक्षेप दुबळे नाहीत. अशा यंत्रणांत कितीतरी फोनांवर सगळेच चालत नाही. कोठे कॅमेरा मुका, कोठे आवाज, कोठे फोन लागणेच अवघड. आजची संकेतस्थळे २५६ मेगाबाइट स्मृतीला पेलत नाहीत. आपल्या देशात भाजीवालीला पैसे देण्यासही जी ॲपे लागतात ती येथे चालणार नाहीत. शिवाय एन ९०० ला चौथ्या पिढीचे जाळे कळत नाही, आणि जर्मनी, अमेरिका अशा देशांत तिसऱ्या पिढीची जाळी २०२१ व २०२२ पासून बंद पडली आहेत. फोन जगवला तरी त्याच्याभोवतीचे जग कसे जगवणार? मग मूठभर लोकांसाठी एवढ्या बुद्धिमान माणसांनी आपल्या रात्री खर्ची घालाव्यात काय?

हा प्रश्न मला परका नाही. काही हजार लोक बोलतात अशा भाषेत भाषांतर करणाऱ्यास तो वारंवार ऐकावा लागतो. "त्या लोकांना मराठी समजतेच की," असे आपलीच जवळची माणसे म्हणतात. त्यावर मी नेहमी उत्तर देत आलो आहे की उपयोग डोकी मोजून ठरत नाही. भाच्यासमोर मी तेच बोलून गेलो. पण नंतर जाणवले की ही तुलना एका पायाने लंगडते. भाषा म्हणजे माणसे. फोन म्हणजे काच, धातू आणि प्लॅस्टिक. वस्तूला माणसासारखा हक्क नसतो, आणि वस्तूवर माणसाइतकी माया जडणे हे मी सद्गुणांत धरीत नाही.

मग देणे लागते ते कोणाचे? वस्तूमागच्या माणसांचे, असे मला वाटते. फोनाच्या बॅटरीतील कोबाल्टचा निम्म्याहून अधिक भाग काँगोच्या खाणींतून येतो, आणि तेथे हातांनी खणणाऱ्यांत मुलेही आढळली आहेत. फोनाच्या एकूण आयुष्यात जो कार्बन हवेत जातो त्याचा मोठा वाटा तो वापरण्यापूर्वीच, घडवताना गेलेला असतो. आणि टाकून दिल्यावर? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला; त्यातील २२.३ टक्के एवढाच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे. उरलेल्याचे काय होते ते दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुरादाबादेत दिसते. तेथे माणसे तारा जाळून आणि आम्ल वापरून त्यातील तांबे व सोने वेगळे काढीत आली आहेत. चालता फोन आणखी पाच वर्षे चालवणे म्हणजे या सर्वांच्या वाट्याला तो भोग पाच वर्षे उशिरा जाऊ देणे होय. ते फार नाही. पण काहीच नाही असेही नव्हे.

कंपनीने एखादी वस्तू जन्मभर सांभाळावी अशी माझी अपेक्षा नाही. धंदे बुडतात, माणसे बदलतात. परंतु हात काढून घेताना किल्ली हवाली करणे तिला शक्य असते. एन ९०० वर दुसरी यंत्रणा चढवण्यास कुलूप नव्हते, म्हणून तर पुढील सारे घडू शकले. आज अनेक फोन असे आहेत की त्यांच्या आरंभीच्या दाराला कंपनीचे कुलूप असते, आणि काही कंपन्या ते उघडूच देत नाहीत. चोरी व घातपात टाळण्यासाठी ते कुलूप हवे, हे कारण खरे आहे. पण घराची राखण सोडून गेल्यावरही पहारेकऱ्याने किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, याला कोणते कारण पुरेल? युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला आहे की फोनाची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे त्याच्या यंत्रणेच्या सुधारणा मिळाल्या पाहिजेत. ही निदान मुदत आहे. किल्लीचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

येथे मला स्वयंसेवकांविषयीही एक शंका आहे. कंपनीने टाकलेला भार ते फुकट उचलतात, आणि त्यामुळे कंपनीला भार टाकणे सोपे तर जात नाही ना? भाच्याला हे विचारले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. "असेल, मामा. पण फोन तर माझा आहे ना?" एवढेच तो म्हणाला.

जाताना त्याने तो फोन माझ्याकडे ठेवला. त्याची वायर खुपसण्याची खोबण सैल झाली आहे. एन ९०० ची ती ठाऊक असलेली खोड आहे, जोर लागला तर ती पाटीवरून निखळते. म्हणून बॅटरी काढून वेगळ्या चार्जरवर भरावी, असे त्याने कागदावर लिहून दिले. मी त्यावर शब्दांच्या नोंदी करून पाहिल्या. काळ्या लेखनखिडकीत देवनागरी जोडाक्षरे तुटतात, मात्रा भलतीकडे जाऊन बसतात. हे फोनवर कळवले तर भाचा म्हणाला, "मग तुम्हीच त्या लोकांना लिहा, मामा. त्यांच्यात मराठी वाचणारं कोण असणार?" तेव्हापासून कोणकोणती जोडाक्षरे मोडतात त्यांची यादी करीत आहे. 'ष्ट्र', 'त्त्व', 'ऱ्या' झाली. 'ऱ्ह' तपासावयाचे राहिले आहे.