जमा आणि नावे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकाचं काम सुरू झालं की संपादक मंडळींपैकी कुणीतरी मला मंदिरात गाठतं. "काका, यंदा तरी तुमच्या मुलाचा अनुभव लिहून द्या. महाराजांनी एवढं मोठं संकट टाळलं, लोकांना कळू द्या." दोन वर्षं मी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून वेळ मारून नेली. बँकेत 34 वर्षं कारकुनी केल्यामुळे मला एक खोड लागली आहे. ज्या नोंदीची दुसरी बाजू लागत नाही, ती नोंद पक्की करायला हात धजत नाही. या अनुभवाची एकच बाजू सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी लिहायला मुलाची परवानगी हवी होती. या वर्षी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिहा, पण मग सगळं लिहा."

2022 साली दत्तजयंती 7 डिसेंबरला, बुधवारी होती. जयंतीच्या आधी सात दिवस आमच्या घरी गुरुचरित्राचं पारायण असतं, ही वडिलांपासूनची रीत. धाकटा पुण्याला नोकरीला आहे. सोमवारची रजा टाकून तो रविवारी मध्यरात्रीनंतर एकटाच गाडी घेऊन निघाला. पेठ नाक्याला महामार्ग सोडायचा आणि आष्ट्यावरून सांगली गाठायची, हा त्याचा नेहमीचा रस्ता.

डिसेंबरात आमच्या भागात दोन गोष्टी एकदम येतात, कृष्णाकाठचं धुकं आणि उसाचा हंगाम. पहाटे चारनंतर धुकं असं उतरतं की गाडीचा उजेड पुढच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. त्यात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत डोक्याच्या वर रचलेला ऊस, मागे हातभर बाहेर आलेली टोकं. मागचे दिवे असलेच तर चिखलानं आणि पाचटानं झाकलेले. दर हंगामात आमच्या भागात या ट्रॉल्यांमुळे माणसं जातात आणि दर हंगामात वर्तमानपत्रात तीच बातमी येते.

आष्ट्याच्या पुढे अशीच एक ट्रॉली टायर फुटून रस्त्यावर उभी होती. ड्रायव्हर जॅक लावत होता. त्याच्याबरोबरचा एक ऊसतोड मजूर मागच्या बाजूला पन्नासेक पावलं चालत आला होता आणि मोबाईलची बॅटरी हलवून येणाऱ्या गाड्यांना बाजूला काढत होता. आमच्या धाकट्याला तो उजेड दिसला, पण फार जवळ आल्यावर दिसला. त्यानं ब्रेक दाबला, स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. गाडी घसरत गेली. तो मजूर गाडीखाली सापडला आणि गाडीची डावी बाजू ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळून शेजारच्या शेतात गेली.

पोलीस म्हणाले, "समोरून सरळ घुसला असता तर उसाची टोकं काच फोडून छातीत गेली असती." उजेड दिसला म्हणून गाडी वळली, वळली म्हणून हा वाचला. उजेड दाखवणारा जागेवर गेला.

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मांडीचं हाड मोडलेलं, चार बरगड्या मोडलेल्या, पाणथरी फाटून पोटात रक्त साचलेलं. डॉक्टरांनी पाणथरी काढून टाकली. तीन दिवस श्वासाचं यंत्र होतं. सौ.नं बाहेरच्या बाकावर बसून वाडीच्या महाराजांना नवस बोलला: अकरा गुरुवार सांगलीहून अनवाणी वाडी, पादुकांची पूजा आणि दोनशे पानांचं अन्नदान. घरी पारायण मोठ्या भावानं पुरं केलं. जयंतीच्या संध्याकाळी, जन्मकाळाच्या वेळेलाच डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की शुद्धीवर आलाय, आईला ओळखतोय. सौ. तिथेच फरशीवर डोकं टेकून रडली. मीही हात जोडले. त्या क्षणी माझ्या मनात एकच माणूस होता, हे मी कबूल करतो.

त्या मजुराचं मला दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं सांगितलं. बीड जिल्ह्यातला, वय 31. बायको, दोन पोरं, तळावरच्या कोपीत राहणारी.

यानंतर भेटायला जो येईल तो एकच वाक्य बोलायचा, "दत्तानं वाचवलं." वाक्य गोड आहे, आणि आलेल्या माणसानं दुसरं काय बोलायचं? पण मला ते दर वेळी अडकायला लागलं. महाराज त्या रस्त्यावर होते असं मानलं, तर ते दोघांसाठीही होते. मग एकाच्या खात्यावर जमा आणि दुसऱ्याच्या नावे, असं का झालं? आमच्याकडे पारायण होतं म्हणून? त्याच्या कोपीत पारायण होणार कसं? पहाटेपासून ऊस तोडायचा आणि रात्री ट्रॉली भरायची, तिथे सोवळं कोण पाळणार? पोथी वाचणाऱ्याचा मुलगा वाचतो आणि न वाचणाऱ्याचा जातो, असा हिशेब महाराज ठेवत असतील असं मला वाटत नाही. तसा ठेवत असतील तर गेली चाळीस वर्षं मी कुणाची पोथी वाचतोय, हाच प्रश्न.

आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत, अभ्यास मोठा. ते शांतपणे म्हणाले, "अहो, त्याचं भरलं होतं. ज्याचं त्याचं प्रारब्ध." मी वयाचा मान ठेवून गप्प बसलो, पण आतून संताप आला. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाला लावला तर त्यानं धीर येतो. दुसऱ्याच्या दुःखाला लावला की आपली सुटका होते. आमचा मुलगा गेला असता तर याच तोंडानं 'त्याचं भरलं होतं' हे आम्ही ऐकून घेतलं असतं का?

योगायोग असा की अपघाताच्या आदल्या दिवशी, पारायणाच्या चौथ्या दिवशी, मी तिसाव्यापासून पस्तिसाव्यापर्यंतचे अध्याय वाचले होते. त्यात माहूरच्या गोपीनाथाच्या मुलाची कथा आहे. क्षयानं खंगलेल्या नवऱ्याला घेऊन त्याची बायको गाणगापूरला येते, तो वाटेतच जातो आणि श्रीगुरू त्याला उठवतात. वाचकांना ती पाठ असेल. सौ.नं तर ही खूणच धरली: काल नवऱ्याच्या तोंडून ही कथा झाली आणि आज मुलगा परत मिळाला.

मला मात्र त्या कथेत पुढे जे येतं ते आठवत राहिलं. सगळे जयजयकार करत असताना तिथल्या एकाला शंका येते. ब्रह्मदेवानं लिहिलेलं मरण टळलं कसं? मग लिहिण्याला अर्थ काय? पोथीत या माणसाला धूर्त म्हटलंय, पण त्याची शंका मला हिशेबनीसाची वाटते. आणि श्रीगुरू त्याला हाकलून देत नाहीत, उत्तर देतात. या तरुणाचंच पुढच्या जन्माचं आयुष्य मागून घेऊन आत्ता दिलं, असं ते सांगतात. इतकी वर्षं मी हे उत्तर नुसतं वाचून पुढे गेलो होतो. मिरजेच्या बाकावर ते पहिल्यांदा कळलं. म्हणजे ते आयुष्य हवेतून आलं नव्हतं, त्याच माणसाच्या खात्यावरची ती उचल होती. शेजारच्या माणसाच्या खात्याला श्रीगुरूंनी हात लावला नाही.

'उचल' हा शब्द मला सुचला त्याला कारण आहे. ऊसतोडीला येणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून ते उचल घेतात आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडतात. नाही फिटली तर पुढच्या हंगामाला चढते. त्या दोघांनी 80 हजार उचल घेतली होती. तो गेला तेव्हा हंगाम नुकताच सुरू झाला होता. माणूस गेला, उचल राहिली.

हे मला महिन्याभरातच कळलं होतं. आमचा त्या पैशाशी काही संबंध आहे, हेही कळत होतं. पण वकील म्हणाले, "आत्ता काही देऊ नका, ती कबुली धरतील. विम्याचा दावा होईल, मिळायचं ते त्यांना रीतसर मिळेल." सल्ला कायद्याला धरून होता आणि माझ्या सोयीचाही होता. मी गप्प बसलो. मुलाला एक प्रश्न विचारणंही मी टाळलं. शेवटी सहा-सात महिन्यांनी, काठी घेऊन चालायला लागल्यावर, एका रात्री तो आपणहून म्हणाला, "बाबा, मी सत्तरच्या वेगात होतो. त्या धुक्यात तीसच्या वर चालवायला नको होतं." एवढंच बोलून तो झोपायला गेला. पुढे त्यानं वकिलांचं न ऐकता कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड झाला, तो भरला. मला त्याचा राग आला होता. आता येत नाही.

नवसावरून घरात वाद झाला. माझं म्हणणं, अन्नदानाचे पैसे त्या बाईच्या उचलीत भरू. महाराजांना अन्नदानच हवंय ना, मग हे काय वेगळं? सौ. ठाम होती. "देवाला दिलेला शब्द आणि माणसाचं देणं, दोन्ही वेगवेगळी. एकाचे पैसे दुसऱ्याला वळवायचे नाहीत. तुम्हीच सांगता ना, बँकेत असं चालत नाही म्हणून?" यावर मला उत्तर नव्हतं. अकरा गुरुवार ती अनवाणी वाडीला चालत गेली, तळपाय सोलले. पूजा झाली, दोनशे पानं उठली. मग मी माझी एक मुदत ठेव मोडली. मुदतीआधी ठेव मोडू नका, व्याज जातं, हे काउंटरवर बसून हजारोंना सांगितलं असेल.

पण तोवर वर्ष गेलं होतं. 2023 च्या डिसेंबरात, पुन्हा दत्तजयंतीच्या आधी, मी त्या तळावर गेलो. वाटत होतं, ती गावीच असेल, मुकादमाकडून पत्ता घ्यावा. ती तिथेच होती. दिराबरोबर कोयता लावून आली होती, नवऱ्याच्या उचलीसाठी. गेल्या हंगामात आणि या हंगामात मिळून निम्म्याच्या वर तिनं फेडलीही होती. मी वकिलाचं ऐकून घरात बसलो, तेवढे महिने तिनं ऊस तोडला होता. ही नोंद माझ्या नावे आहे आणि ती कशानंच पुसली जायची नाही.

मुकादमानं वही काढली, 37 हजार बाकी सांगितली. मी मोजून दिले, बाकीच्या रकान्यात शून्य लिहायला लावलं आणि खाली त्याची सही घेतली. तो हसला. "साहेब, आमच्यात असं सही-बिही नसतं." मी म्हटलं, आमच्यात असतं. त्या बाईला मी कोण ते सांगितलं. हात जोडले, पण बोलायला शब्द सापडेना. ती ओरडेल, शिव्या देईल, अशी तयारी करून गेलो होतो. ती बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, "त्यांचा मोबाईल भेटल का? पोलिसात हाय म्हणत्यात. पोरांचे फोटू हायेत त्याच्यात."

तो मोबाईल, ज्याच्या बॅटरीच्या उजेडात माझा मुलगा वाचला, मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात पडला होता. ती एकटी कुठे अर्ज करणार? हे मात्र माझ्या हातातलं काम होतं. अर्ज, ओळखीचे कागद, तिचा अंगठा, कोर्टाची तारीख. साहेब रजेवर, चावी दुसऱ्याकडे. सरकारी टेबलांवर मी आयुष्य काढलंय, त्यामुळे कंटाळलो नाही. कोर्टाचा आदेश घेऊन मोबाईल हातात यायला मात्र सात महिने लागले. काच तडकलेली, कडेला चिखल वाळलेला. धाकट्यानं पुण्यात तो दुरुस्त करून आणला आणि काहीही न उघडता माझ्याकडे दिला.

आषाढात आम्ही दोघं बापलेक तिच्या गावी गेलो. वाटेत फारसं बोललो नाही. गाडी मी चालवत होतो, तो अजून चालवत नाही. वस्तीवर घर सापडलं. तिनं मोबाईल घेतला, चालू केला आणि मोठ्या पोरीला हाक मारली. दोघी अंगणात उकिडव्या बसून बघत राहिल्या. धाकटा दारापाशी एका पायावर भार देऊन उभा होता. मांडीत अजून सळई आहे, फार वेळ उभं राहिलं की दुखतं. मधेच तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. सगळ्या गोष्टीत त्याच्याशी ती एवढंच बोलली.

"पाय दुखतो व्हय अजून? बसा की."

तो खाली, मातीतच बसला.